जळबा वायरमन आणि खांबावरची घरटी

कुरुंद्यात जळबा पुंडगे कुठं राहतात असं विचारलं तर चार माणसं एकमेकांकडं बघतील, पण जळबा वायरमन म्हटलं की दुसरीतलं लेकरूही बोट धरून दारापर्यंत नेऊन सोडील. तीस वर्षं या माणसानं कुरुंद्याची आणि आजूबाजूच्या गावांची लाइट सांभाळली. नोकरी संपून दोन वर्षं झाली होती, तरी लाइट गेली की लोकांचं बोट सवयीनं त्याच्याच नंबरावर जायचं. "मी रिटायर झालोय," असं त्याच्या तोंडून कधी निघायचं नाही. "एकच फेज गेला का समदंच?" असंच तो विचारायचा.

जळबाची एक गोष्ट मात्र साऱ्या गावाला हसायला पुरायची. एप्रिल लागला की कावळे त्याच्या मागं लागायचे. बाजारगल्लीतून शंभर माणसं जायची, त्यांना काही नाही. पण जळबा दुधाची बरणी घेऊन निघाला की पहिल्या खांबावरचा कावळा ओरडायचा, दुसऱ्यावरचा त्याला साथ द्यायचा, आणि चौथ्या खांबापर्यंत तीन-चार जण डोक्यावरून झपाटे मारत निघायचे. म्हणून जळबा उन्हाळाभर दूध आणायला जाताना ड्युटीवरचं जुनं पिवळं हेल्मेट घालायचा. मालनबाई, त्याची बायको, दारातूनच म्हणायची, "निघाले बघा लढाईला."

कावळ्यांचा राग फुकटचा नव्हता. पावसाळ्याच्या आधी, मे महिन्यात, वायरमन लोकांना लाइनीची साफसफाई करावी लागते. तारांना टेकलेल्या फांद्या तोडायच्या आणि खांबांवरची घरटी काढायची. कावळ्याचं घरटं म्हणजे नुसत्या काड्या नसतात. बांधकामावरची बायंडिंग तार, अॅल्युमिनियमचे तुकडे, कुणाच्या दांडीवरचा तारेचा हँगर, जे वाकेल ते त्यात विणलेलं असतं. वारा सुटला, त्यातली एखादी तार लोंबली आणि फेजला चिकटली, की एक मोठा आवाज होऊन तीन गावांची लाइट बंद. म्हणून जळबा लांब बांबूला लोखंडी आकडा बांधून खांबामागून खांब घेत जायचा. सबस्टेशनमधून लाइन बंद ठेवायचं परमिट मिळायचं दोन तासांचं, आणि खांब असायचे चाळीस.

असंच एकदा, हट्ट्याच्या रस्त्यावर, खांबावर चढलेला असताना कावळा थेट डोळ्यांवर आला. जळबानं हात वर घेतला, कमरेचा पट्टा नीट अडकलेला नव्हता, आणि तो वरून बांधावर आदळला. डाव्या पायाचं हाड दोन ठिकाणी मोडलं. चार महिने खाटेवर गेले. पाय जुळला, पण बोटभर तोकडा राहिला. त्या दिवसापासून मालनबाईनं कावळ्याला अंगणात टेकू दिलं नाही. भाकरीचा तुकडा दूरच, साधी हाड् हाड्सुद्धा ती दगड हातात घेऊनच करायची. जळबा मात्र पाय बरा होताच पुन्हा त्याच लाइनीवर गेला. त्याला कावळ्यांचा राग नव्हता, आणि माया वाटायला तरी वेळ कुठं होता.

मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. गावातल्या हायस्कूलवर विज्ञान शिकवणाऱ्या प्रियंका आडे नावाच्या मॅडम होत्या. मूळच्या औंढ्याकडच्या एका तांड्यावरच्या, वय तिशीच्या आत. त्यांनी सुट्टीत एक नवंच काढलं. दर रविवारी सकाळी पावणेसहाला गावातल्या घरांनी मिळून पाखरं, झाडं, किडे बघत फिरायला जायचं. अट एकच, लेकरू एकटं पाठवायचं नाही. आई, बाप, आजी, कुणी तरी मोठं माणूस सोबत पाहिजे. महिन्यातून एका संध्याकाळी शाळेच्या भिंतीला पांढरी चादर लावून त्या रोही, काळवीट, खोकड, साप यांची चित्रं दाखवायच्या आणि त्यातलं आपल्या शिवारात काय काय आहे ते सांगायच्या. पहिल्या रविवारी तीन घरं आली. दुसऱ्या रविवारी अकरा.

त्या दुसऱ्या रविवारी ही सगळी मंडळी बसथांब्याजवळच्या कडुलिंबाखाली माना वर करून उभी होती, आणि नेमका जळबा दूध घेऊन तिथून चालला होता. कावळ्यांनी गोंधळ घातला. लेकरांनी लिंब सोडून जळबाकडं बघायला सुरुवात केली.

"बघा बरं," प्रियंका मॅडम म्हणाल्या, "कावळा माणसाचा चेहरा लक्षात ठेवतो असं मी मघाशी म्हटलं ना? हे काका त्यांना चांगलेच पाठ आहेत."

सगळे हसले. मेडिकलवाला ओमप्रकाश तर पोट धरून हसला. जळबाला ते लागलं. तो हेल्मेट खाली ओढून तसाच पुढं निघाला, तर मॅडम मागून आल्या.

"काका, राग मानू नका. पण तुम्ही यांचं असं काय केलंत?"

"तीस वर्षं ह्यायची घरं मोडली. दुसरं काय करणार."

"वायरमन होतात?"

"व्हय."

मॅडम म्हणाल्या, "म्हणजे या भागात कोणतं पाखरू कुठं घरटं करतं, ते तुमच्याइतकं कुणालाच माहीत नसणार."

जळबा उभाच राहिला. लाइट कधी येणार, हे त्याला आयुष्यभर लोकांनी विचारलं होतं. हे कुणी विचारलं नव्हतं.

पुढच्या रविवारी तो साडेपाचलाच लिंबाखाली जाऊन बसला. मालनबाईला त्यानं दूध आणायला चाललो असं सांगितलं होतं आणि बरणी घरीच विसरला होता.

त्या दिवशीची फेरी कालव्याच्या कडेनं होती. हळदीचा हंगाम सरत आला होता. शेतांत शिजवलेली हळद वाळत पसरलेली, आणि सगळ्या हवेला तिचा वास. जळबा मागं मागं लंगडत चालला होता. पहिला अर्धा तास त्याची नजर तारांवरच होती. मग एका लोखंडी खांबापाशी थांबून मॅडमना म्हणाला, "इथं थांबवा लेकरायला. ह्या खांबाच्या टोकाला टोपण न्हाई. आत साळुंकी हाय."

"दिसत तर नाही काही."

"दिसणार न्हाई. खांबाला कान लावा."

एकेका लेकरानं खांबाला कान लावला. पाइपच्या पोकळीतून पिल्लांची चिरचिर खालपर्यंत येत होती, जणू खांबच बोलत होता. लेकरं झाली, मग आया झाल्या, मग ओमप्रकाशनंही इकडं तिकडं बघून कान लावला.

त्यानंतर जळबाच्या तोंडाला विसावा राहिला नाही. रस्त्यावरच्या दिव्याच्या टोपात चिमणी राहते. घरावर आलेल्या सर्व्हिस वायरीला शिंजीर हे बोटभर पाखरू घरट्याची पिशवी टांगतं, म्हणून जिथं अशी पिशवी दिसली तिथं जळबा नवीन कनेक्शन शेजारून ओढायचा. सबस्टेशनच्या आवारातल्या खडीत टिटवी चार अंडी घालते आणि ती अंडी खडीसारखीच दिसतात, पाय पडेपर्यंत कळत नाही. विहिरीवरून तार गेली असेल तर सुगरण बाभूळ सोडून त्या तारेलाच घरटी लावते. आणि कावळ्याच्या घरट्यात एखादं अंडं जरा लहान असलं, तर ते कोकिळेचं.

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?" मॅडमनी विचारलं.

"कोन सांगणार? वर चढल्यावर दिसतंच की."

मॅडम वहीत उतरवून घेत होत्या. मॅट्रिक नापास माणसाचं बोलणं विज्ञानाची मॅडम लिहून घेते, हे बघून जळबाचा आवाज आपोआप चढला. घरी येऊन त्यानं मालनबाईला खरं काय ते सांगितलं. ती चुलीवरचा तवा उतरवत म्हणाली, "ज्यायनं पाय मोडला त्यायलाच बघाया जाताव? लोकं घराच्या बाहीर काय बोलत असतील." पण पुढच्या रविवारी पाच वाजता तिनंच हाक मारली.

त्या रविवारी घात झाला. कालव्याच्या पुलावर सगळे टेकले होते. कुणी मुरमुरे काढले, कुणी खारवलेले शेंगदाणे. जळबा आकड्याच्या बांबूची गोष्ट रंगवून सांगत होता. कावळा कसा झेपावतो, बांबू कसा फिरवायचा, घरटं कसं एका हिसक्यात सुटतं. ओमप्रकाशची धाकटी मुलगी तेजू, पहिलीतून दुसरीत गेलेली, समोर मांडी घालून ऐकत होती. तिनं विचारलं, "आजोबा, घरट्यात पिल्लं असली तर?"

हाच प्रश्न कधी काळी जळबाच्या मुलीनं, करुणानं, विचारला होता. ती आता नांदेडला नर्स आहे. तेव्हा त्यानं सांगितलं होतं, पिल्लं हळूच उचलून दुसऱ्या झाडावर ठेवतो म्हणून. करुणानं ते खरं मानलं होतं, वर्गातही सांगितलं होतं. तेच उत्तर आता त्याच्या जिभेवर आलं. पण समोर मॅडम वही उघडून बसल्या होत्या. त्या तेही लिहून घेणार, आणि लिहिलेलं खोटं राहणार, हे त्याच्या मनात आलं.

"खाली पडायची," तो म्हणाला.

"मग?"

"मंग काय. मरायची."

तेजूचा चेहरा हळूहळू बदलला आणि ती मोठ्यानं रडायला लागली. तिचं बघून आणखी दोघं-तिघं. एका बाईनं आपली मुलगी ओढून पदराखाली घेतली. ओमप्रकाश तेजूला कडेवर घेत म्हणाला, "काका, लेकरांपुढं असं बोलायचं असतं का? सकाळी सकाळी काय हे."

जळबा उठला. लंगडत, कालव्याच्या कडेनं एकटाच घरी आला.

पुढच्या रविवारी मालनबाईनं हाक मारली तर तो म्हणाला, "पाय दुखून राहिला." त्याच्या पुढच्याही रविवारी पाय दुखला. दिवसभर तो अंगणातल्या खाटेवर पडून राहायचा. मालनबाईला तकलीफ पायाची नाही हे कळत होतं, पण तिनं विचारलं नाही. दुसरा रविवार चुकल्यावर तिसऱ्या दिवशी तोच बोलला.

"करुणाला मी खोटं सांगितलं व्हतं."

"काय?"

"पिल्लं झाडावर ठेवतो म्हणून."

मालनबाई तांदूळ निवडत होती. ताट बाजूला सारून ती म्हणाली, "तिला कवाच कळलं व्हतं. पाचवीत असताना तुमच्यामागं सायकलवर हट्ट्याच्या रस्त्याला गेली व्हती. रडत घरी आली. मला म्हणाली, बाबाला सांगू नको मला ठाव हाय म्हणून."

वीस वर्षं पोरीनं ते पोटात ठेवलं होतं. बापाचं खोटं बापापासूनच झाकून.

त्याच संध्याकाळी प्रियंका मॅडम घरी आल्या. दारातच त्यांनी जळबाच्या घरचा नमस्कार घातला, "जय भीम, काका."

"जय सेवालाल. या, बसा," जळबानं तांड्याचा नमस्कार परत केला आणि तो उठून बसला. मालनबाईनं चहा ठेवला.

मॅडम समजूत घालायला आल्या असतील असं त्याला वाटलं होतं. त्यांनी तसलं काही काढलं नाही. मोबाइलवर एक फोटो काढून पुढं धरला. "परवा हे सापडलं. मुलांनी विचारलं कुणाचं, मला सांगता आलं नाही. पुस्तकातही नीट जुळत नाही."

आंब्याच्या ढोलीच्या तोंडाशी दोन पिसं आणि खाली हाडकांच्या गोळ्या पडलेल्या. जळबानं एकदा बघितलं आणि मान फिरवली. मालनबाई कपबशी ठेवत म्हणाली, "सांगा की. तोंड काहून धरलंय?"

"पिंगळा हाय," जळबा म्हणाला. मग मोबाइल हातात घेऊन म्हणाला, "कुठला आंबा? थोरल्या विहिरीवरचा? तिथं कैक सालापासून हाय त्यो. दोघं हायत."

"मग रविवारी येऊन दाखवा."

"लेकरं रडत्यात मला बघून."

"रडू द्या ना," मॅडम म्हणाल्या. "आमच्या तांड्यावर माझा आजा तितर पकडायचा फासे लावून. मी त्याचा हात धरून जायची. मला पाखरांचं पहिलं जे कळलं ते त्याच्याकडूनच. ते मी शाळेत कुठं सांगत नाही. तुम्ही तर सांगून टाकलंत."

त्या चहा पिऊन गेल्या.

मेचा शेवटचा रविवार होता. वीस-पंचवीस माणसं लिंबाखाली जमली. जळबा येताना दिसला. तेजूनं बापाचा शर्ट घट्ट धरला. पिंगळा बघायला थोरल्या विहिरीकडं निघाले. गावाची घरं संपतात तिथं, हळदीच्या शेडपाशी, दोन खांबांजवळ शिडी लागलेली होती. देविदास राठोड नावाचा कंत्राटावरचा तरुण वायरमन बांबू घेऊन उभा होता. बांबूला आकडा. दोन्ही खांबांवर कावळ्यांची घरटी आणि आभाळात कावळ्यांचा कल्लोळ.

लेकरांना काय चाललंय ते लगेच कळलं. तेजू ओरडली, "पिल्लं आहेत त्याच्यात!" बघता बघता सगळी लेकरं शिडीभोवती उभी राहिली. ओमप्रकाशनं मोबाइल काढून व्हिडिओ सुरू केला. "नाव सांगा तुमचं. कुणाच्या परवानगीनं काढून राहिले?"

देविदास घामानं भिजला होता. "साहेब," तो म्हणाला, "काल दुपारी तुमच्याच मेडिकलचा फ्रिज बंद पडला म्हणून तुमीच मला चार फोन केले. शिव्या दिल्या ते वेगळंच. ह्याच घरट्याच्या तारेनं गेली व्हती लाइट. आता काढून राहिलो तर व्हिडिओ काढता?"

आवाज चढले. प्रियंका मॅडम मध्ये गेल्या आणि देविदासशी तांड्याच्या गोरमाटी बोलीत दोन वाक्यं बोलल्या. तो जरा निवळला, पण बांबू काही खाली ठेवला नाही. आणि लेकरंही हलली नाहीत.

तेव्हा जळबा पुढं झाला. लोकांना वाटलं, हा आता लेकरांची बाजू घेणार. तो ओमप्रकाशला म्हणाला, "आधी तो मोबाइल खिशात घाल. हा पोरगा त्याचं काम करून राहिला. आज न्हाई काढलं अन् रातच्याला वारा सुटला, तर पुन्हा तूच फोन करशील. शिव्या खाणं ह्याच्या नोकरीत हाय, पण आता लेकरांदेखत नको."

ओमप्रकाशनं मोबाइल खिशात घातला.

मग जळबा देविदासकडं वळला. "परमिट किती वाजेपर्यंत?"

"अकरा, मामा."

"अजून किती खांब?"

"आज हे दोनच. बाकीचे उद्या."

"दोनच?" जळबानं घड्याळात बघितलं. सव्वासहा झाले होते. "दोन खांबायला पाच घंटे हायत तुझ्यापाशी. मंग घाई काहून करून राहिला?"

खांबापासून दहा-बारा पावलांवर एक जुना लिंब होता. जळबानं त्याची एक फांदी हेरली, जवळजवळ खांबाच्याच उंचीची. हळदीच्या शेडमधून वेताच्या दोन टोपल्या मागवल्या, सुतळी मागवली, दोर मागवला. "आकडा ठेव बाजूला," तो देविदासला म्हणाला. "घरटं हिसकायचं न्हाई. खालून हात घाल अन् समदं एकदम उचल. तारेचं असतंय, मोडत न्हाई. टोपल्यात ठेव अन् दोरानं खाली सोड."

"तुमी केलंय असं कधी?"

"न्हाई," जळबा म्हणाला. "पट्टा आधी अडकव. ओढून बघ. पुन्हा ओढून बघ."

देविदास चढला. कावळे त्याच्या हेल्मेटवर टोच्या मारत होते. खाली जळबा मान वर करून उभा होता. वर चढलेल्या माणसाइतकंच त्याला वरचं दिसत होतं. पहिलं घरटं टोपलीत बसून अलगद खाली आलं. जळबानं आत बघितलं. तीन पिल्लं, अजून पिसं न फुटलेली, नुसती लाल तोंडं उघडून बसलेली. इतकी वर्षं झाली, पण घरट्यात हातभर अंतरावरून त्यानं असं स्वस्थ कधी बघितलंच नव्हतं. त्यानं टोपली लेकरांपुढून फिरवली, हात मात्र लावू दिला नाही. मग देविदासनं ती लिंबाच्या फांदीला बांधली.

दुसऱ्या खांबावरचं घरटं जुनं होतं. उचलताना त्याची एक बाजू निखळली. दोन अंडी होती, ती देविदासनं खिशातल्या रुमालात घेतली आणि उरलेलं घरटं दुसऱ्या टोपलीत रचून त्यात ठेवली. तीही टोपली दुसऱ्या फांदीला गेली.

"आता समदे शेडच्या मागं," जळबा म्हणाला. "कुणी बोलायचं न्हाई."

पंचवीस माणसं हळदीच्या शेडच्या सावलीत जमिनीवर बसली. देविदासही शिडी आडवी करून त्यांच्यात येऊन बसला. कावळी रिकाम्या खांबावर येऊन बसली. घरटं होतं त्या जागेकडं वाकून बघितलं, उडाली, पुन्हा तिथंच आली. असं कितीदा झालं. लेकरं चुळबुळ करायला लागली. एका बाईनं पोराच्या तोंडावर हात ठेवला. जळबा खांबाकडं बघत होता आणि त्याच्या डोक्यात एकच चाललं होतं. टोपली, सुतळी आणि तासभर वेळ. एवढंच लागत होतं. इतक्या वर्षांत टोपली कुठंही मिळाली असती, सुतळी तर गाडीत पडलेलीच असायची. तास मात्र एकदाही नव्हता. दोन तास, चाळीस खांब, खालून साहेबाचा फोन. स्वतःला माफ करावं की दोष द्यावा, हे त्याला ठरवता येईना, आणि त्यानं ते तसंच सोडून दिलं.

पाऊण तासानं कावळी लिंबावर गेली. टोपलीच्या काठावर बसली. मान तिरपी करून आत बघितलं. पिल्लांनी तोंडं उघडली असावीत, कारण शेडपर्यंत बारीक आवाज आला. ती उडून गेली आणि परत आली तेव्हा तिच्या चोचीत काही तरी होतं.

कुणी टाळी वाजवली नाही. जळबानं आधीच हात वर करून ठेवला होता. पण तेजू हळूच सरकत त्याच्याजवळ आली आणि त्याच्या कानात म्हणाली, "दुसऱ्या टोपलीत कोण जाणार?"

"बघू," जळबा म्हणाला.

दुसऱ्या टोपलीत कुणी गेलं नाही. जळबा संध्याकाळी जाऊन बघून आला, सकाळी पुन्हा गेला. तिसऱ्या दिवशी अंडी नव्हती. खारीनं नेली की आणखी कुणी, कोण जाणे. दुपारी तो ओमप्रकाशच्या मेडिकलवर गोळ्या आणायला गेला, तेव्हा तेजू काउंटरमागं स्टुलावर बसली होती.

"दुसरं काय झालं?"

जळबानं ओमप्रकाशकडं बघितलं. ओमप्रकाश म्हणाला, "सांगा काका."

"ते गेलं," जळबा म्हणाला.

तेजूनं दप्तरातून फेरीची वही काढली आणि तारीख घालून त्यात लिहिलं: एक राहिलं, एक गेलं. मग शुद्धलेखन बरोबर आहे का ते बापाला विचारलं.

रात्री जळबानं करुणाला फोन लावला. तिची ड्युटी सुटायची वेळ होती. त्यानं टोपलीची सगळी हकीकत सांगितली, कावळी कितीदा आली आणि कितीदा गेली तेही. करुणानं मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, "खरंच, बाबा?"

"खरंच. ह्या वक्ताला खरंच. पंचवीस माणसं हायत साक्षीला."

पलीकडून ती हसली. हसताना तिचा आवाज ओला झाला होता, की फोनलाच खरखर होती, हे जळबाला कळलं नाही.

त्याला आता वर्ष झालं. देविदास मे महिन्याची कामं काढण्याआधी जळबाला फोन करतो. जळबा आठवडाभर हिंडून कोणत्या खांबावर पिल्लं आहेत त्याची यादी देतो. काही खांब शेवटाला ठेवले जातात, तोवर पिल्लं उडून जातात. चार-पाच घरटी टोपल्यांत जातात. बाकीची अजूनही काढावीच लागतात, आणि ती काढली जातात. जळबा फेरीत हे लपवत नाही. लेकरांनी विचारलं तर सांगतो, न विचारलं तर आपणहून काढत नाही.

या उन्हाळ्यात मॅडमनी एक रविवार लांबची फेरी ठेवली. दोन टेम्पो करून साठेक माणसं सिद्धेश्वर धरणाच्या पाण्यावर गेली. हट्ट्याचीही चार घरं होती. मालनबाई पहिल्यांदाच आली. गल्लीतल्या बायका निघाल्या होत्या म्हणून आले, असं ती टेम्पोत चढताना दोनदा म्हणाली. पाणी ओसरलेलं, काठावर चिखलाचा पट्टा, आणि त्यात नाना तऱ्हेची पाखरं. मालनबाई बोट करकरून विचारायला लागली. "अव्हं, ते लांब पायाचं कोणतं? अन् ते चिखलात चोच खुपसून राहिलं ते?"

जळबा डोळे बारीक करून बघत राहिला. इथं ना खांब, ना तार. "न्हाई ठाव," तो म्हणाला.

"तुमाला न्हाई ठाव?" मालनबाई इतक्या मोठ्यानं हसली की दोन बायकांनी वळून बघितलं. "मंग इतके दिस काय बघून राहिलाव?"

"मॅडमला विचार."

तिनं खरंच मॅडमना हाक मारली. दुर्बिणीतून बघायचं कसं ते शिकून घेतलं, आधी उलटीकडून बघितलं, मग सुलटीकडून, आणि मग दुर्बीण सोडायलाच तयार होईना. भाकऱ्या सुटल्या, ठेचा आणि कांदा वाटला गेला, लेकरं पाण्यात पाय घालून आली. टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. सगळे उठले तरी मालनबाई काठावर बसूनच होती.

"चल की," जळबा म्हणाला.

"थांबा जरासं," दुर्बीण डोळ्यांवरून न काढता ती म्हणाली. "पाखरू इकडं पाठ करून बसलंय. वळू द्या एकदा त्याला."

जळबा तोकडा पाय लांब करून तिच्या शेजारी खाली बसला.